गुडघ्याएवढ्या खुणा

मंगळवारी दुपारची जेवणं उरकली आणि मार्लीन चार वर्षांच्या ट्रुडीला घेऊन पाइनची सुकी फळं वेचायला जंगलात गेली. चर्चच्या जत्रेसाठी तोरणं करायची होती, आणि व्हरमाँटात अर्धा नोव्हेंबर सरला की बर्फाचा काही नेम नसतो. हे जंगल मिस प्रुइट नावाच्या बाईंनी मरताना गावाला देऊन टाकलेलं. कुणीही यावं, पायवाटेनं फिरावं.

फाटकाशी टटल बसला होता, जवळ रंगाचा झाकलेला डबा. सत्तरीचा माणूस, वाटांची देखभाल फुकटात करायचा. मार्लीनला तो कधी पटला नाही. बिनलग्नाचा म्हातारा, आणि गावातल्या झाडून साऱ्या पोरांची नावं याला पाठ. कशाला?

"काय ट्रुडीबाई, आज आईला फिरवायला आणलंस होय?"

ट्रुडी खुदकन हसली. मार्लीन हसली नाही.

"बाई, पोरीचा हात सोडू नका," तो हळूच म्हणाला.

"माझी पोर आहे, मिस्टर टटल. मला कळतं."

वाटेवर झाडांना डोळ्यांच्या उंचीवर निळे पट्टे होते. एक पट्टा म्हणजे सरळ चालायचं. एकावर एक दोन असले की वळण, आणि वरचा ज्या बाजूला सरकलेला, तिकडे वळायचं. खोडाच्या दोन्ही अंगांना पट्टे, म्हणजे जाणाऱ्याला दिसतात तसेच परतणाऱ्यालाही. इथल्या पोरांना हे बालवाडीतच शिकवतात.

ओल्या पाल्याचा वास दाटला होता. पाखरू बोलत नव्हतं.

"आई, माझ्याएवढी पण खूण आहे," ट्रुडी म्हणाली.

खरंच होती. गुडघ्याच्या उंचीवर, निळी. इतक्या खाली खूण कोण काढतं? कुणासाठी? तिला तो झाकलेला डबा आठवला.

पिशवीत चार फळं टाकायला ती वाकली, तेवढाच वेळ. मान वर केली तर ट्रुडी नाही.

"ट्रुडी..."

ती त्या बुटक्या खुणांमागे धावली. वाट सोडून, काट्यांतून. पुढे पडक्या घराच्या तळघराचा खड्डा होता, आणि काठावर रानटी झालेलं सफरचंदाचं झाड, खाली फळांचा सडा कुजत पडलेला. बुंध्यावर दोन पट्टे होते. वरचा खड्ड्याकडे सरकलेला. ट्रुडी अगदी काठाशी उभी होती, एक हात पट्ट्यावर टेकलेला.

मार्लीननं तिला ओढून छातीशी धरलं. पोरीचा तळवा निळा झाला होता. रंग ओला होता.

फाटकाशी येईपर्यंत तिला धाप लागली. "लाज नाही वाटत? पोरांना खड्ड्यापाशी नेता?"

टटलनं डब्याचं झाकण काढलं. आत तपकिरी रंग होता, झाडाच्या सालीसारखा.

"त्या बुटक्या खुणा मी काढत नाही, बाई. बुजवतो. दर मंगळवारी. मिस प्रुइटनी जमीन देताना ही एकच अट लिहिली. का, ते लिहिलं नाही. एक धाकटी बहीण होती त्यांना, असं म्हणतात." तो थांबला. "परतायच्या खुणा नसतात त्यांना, बघितलंत? एकाच अंगाला असतात... रंग लागला का पोरीला?"

मार्लीननं तो हात पदराखाली घ्यावा तसा कोटाखाली घेतला.

"टर्पेंटाइन आहे माझ्याकडे. इथेच पुसा. घरी घेऊन जाऊ नका."

त्यानं फडकं पुढे केलं. फडक्याला उग्र वास होता. तिनं म्हाताऱ्याकडे पाहिलं, फडक्याकडे पाहिलं.

"माझ्या पोरीला हात लावायचा नाही," ती म्हणाली, आणि निळ्या हातावर हातमोजा चढवून गाडीत बसली.

घरी पोचली तेव्हा साडेचार झाले होते, उजेड ओसरत होता. मोरीपाशी तिनं हातमोजा काढला. साबण हातात घेतला, आणि तशीच थांबली. तळवा स्वच्छ होता. हातमोजाही आतून स्वच्छ.

चला, पाल्यातच पुसला गेला असेल. तिनं सुस्कारा सोडला, सूप गरम करायला ठेवलं, आणि वळली.

स्वयंपाकघराच्या चौकटीवर, गुडघ्याएवढ्या उंचीवर, निळा पट्टा होता.

"तू केलंस?"

"नाही," ट्रुडी म्हणाली. तिनं आईचं बोट धरलं होतं.

पुढचा पट्टा जिन्याच्या पहिल्या खांबावर होता. मग मधल्या. जिना संपतो तिथल्या खांबावर दोन, वरचा डावीकडे सरकलेला. डावीकडे ट्रुडीची खोली. दार सकाळी मार्लीननं लावलं होतं, ते फटीएवढं उघडं होतं, आणि फटीतून कुजलेल्या सफरचंदांचा वास येत होता.

टटलचं बोलणं आठवून ती एकेक खांब मागून चाचपत गेली. पहिला. मधला. शेवटचा.

मागचं लाकूड कोरं होतं.