बुडालेल्या खैराडीची पंगत

“श्वास बंद कर,” गावातली पुतळा कुजबुजली. “नुसता तुझ्या नाकाचाच आवाज येतोय.”

चंदरनं एक नाकपुडी दाबली. त्याची धाकटी बहीण लता शेजारीच उकिडवी बसली होती, तिनं दुसरी दाबून दिली. मे महिन्यातली टळटळीत दुपार. ऊन असं की सावल्यासुद्धा झाडाखाली जाऊन बसलेल्या. वारा नाही, पाखरू नाही. समोर खैराडीचा तलाव, उकळून थंड झालेल्या चहासारखा, आणि त्यातून वर आलेलं जुन्या देवळाचं टोक.

मग आवाज आला. चप्. चप्, चप्. मिटक्यांचा आवाज.

अख्खी पंगत बसावी आणि सगळ्यांनी मिळून आमटीभात ओरपावा, तसा. जेवणारं मात्र कुणीच दिसेना. चंदरच्या मानेवरचे केस उभे राहिले. लता म्हणाली की आपण आता घरी जाऊ, तिला तहान लागलीय. तहान तिला नेहमी भीती वाटली की लागायची.

घर म्हणजे सुमनआत्याचं क्वार्टर. चंदर आणि लता नाशिकहून, इंदिरानगरातून, सुट्टीला तिच्याकडे आली होती. आत्या सरकारच्या मत्स्य खात्यात होती. तलावातले मरळ, शिंगटे हे गावठी मासे अचानक कुठं गेले आणि पाणी एवढं गढूळ का झालं, ते शोधायला तिला घोटीजवळच्या या गावी पाठवलं होतं. तिचा संशय एकाच माशावर होता. तो तिनं बरणीत घालून फळीवर ठेवला होता. सोनेरी खवल्यांचा, जाडा, तोंडाला मिशा. त्याचं नाव सायप्रिनस. परदेशातून आणलेला. बंद तळ्यात पाळला तर गुणी, पण मोकळ्या तलावात सुटला की डुकरासारखा तळ उकरतो, पाणगवत उपटतो, दुसऱ्यांची अंडी गिळतो. आणि हुशार इतका की जाळं दिसलं की चिखलात डोकं खुपसून खालून निसटतो. आत्यानं महिनाभर जाळी टाकली, हाती आला फक्त तो बरणीतला.

गावाला मात्र माशाबिशाचं काही म्हणणं पटत नव्हतं. तलाव झाला तेव्हा जुनी खैराडी पाण्याखाली गेली. गाव वर टेकाडावर आलं, पण मागे राहिलेले, म्हणजे तिथंच मेलेले, ते अजून भर दुपारी जेवायला बसतात, असं सगळे म्हणत. सगळ्यात जास्त म्हणायचा सावळीराम. वरच्या अंगाला माशांची पिल्लं वाढवायचं सरकारी तळं होतं, त्याचा तो राखणदार. तलावाकडं फिरकू नका, पाय धरून ओढतील, असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. त्याच्या तळ्यातली पिल्लं कुठं गेली विचारलं, तर म्हणायचा बगळ्यांनी खाल्ली.

पुतळाच्या बापाची, मंगळूची, त्या पाण्यावर होडी होती. आता होडी पालथी पडली होती. जाळ्यात नुसता चिखल येतो आणि वर ही पंगत. रविवारी तो सगळं बिऱ्हाड घेऊन निफाडला द्राक्षाच्या मळ्यावर कामाला निघणार होता. म्हणजे पुतळाची शाळा सुटणार.

“सातवीची पुस्तकं पण मिळाली मला,” पुतळा म्हणाली. तेवढंच. मग ती ढेकळं फोडत बसली.

चंदरला तहान लागली नाही. त्यानं ठरवलं, पंगतीला वाढतं कोण ते बघायचं.

दुसऱ्या दिवशी तिघं देवळाच्या टोकासमोरच्या करवंदीच्या जाळीत लपली. उन्हं डोक्यावर आली. आणि उतारावरून एक म्हातारी आली, डोक्यावर पदर, हातात पितळी ताट. पुतळानं तोंडावर हात दाबला. ती तिची आजी होती, भागीबाई.

भागीबाई पाण्यात उतरली. पाणी कमी झाल्यानं जुन्या घराचा दगडी ओटा गुडघाभर पाण्याखाली होता, त्यावर जाऊन उभी राहिली. पळीनं ताट वाजवलं. मग घरातल्या गेलेल्या माणसांना एकेक करून हाका मारल्या, जशा जेवायला मारतात तशा. ये रे पुंजा. ये गं नवसा. मामंजी, या. आणि भात पाण्यात सोडला.

पाणी फुगलं. पाण्यातून तोंडं वर आली. डोळे नाहीत, चेहरे नाहीत, नुसती गोल पांढुरकी तोंडं, उघडणारी आणि मिटणारी. चप्. चप्. म्हातारीच्या पायांभोवती रिंगण करून.

लताचं डोकं चंदरच्या पाठीत घुसलं. पण चंदर बघत राहिला. “मिशा,” तो हळूच म्हणाला. “लते, बरणीतला!”

करवंदीची जाळी हलली आणि भागीबाईनं वळून पाहिलं. मग लपण्यात अर्थ नव्हता. पुतळा पुढं झाली. आजीला काय सांगायचं? की तुझी माणसं नाहीत ती, मासे आहेत? शेवटी तिनं तेच सांगितलं, खाली बघत.

भागीबाई हसली. तिला दोनच दात होते, दोन्ही दिसले.

“मला काय डोळं नायत व्हय? मासंच हायेत. मिशा तर माझ्या सासऱ्याला बी व्हत्या.” मग तिनं आवाज खाली आणला. “पर त्यास्नी बरोबर माझ्याच ओट्यावर धाडतंय कोण, ते तुझ्या त्या मासंवाल्या मॅडमला इचार.”

चंदरच्या अंगावर काटा आला, आणि त्याच वेळी डोक्यात लख्ख उजेड पडला. आत्या माशांच्या मागं तलावभर फिरत होती. इथं मासे हाकेसरशी जमत होते! मॅडम हसतील म्हणून गावातल्या मोठ्यांनी हा भात तिच्यापासून आणि पोरांपासूनही लपवला होता.

आत्या हसली नाही. ती भागीबाईच्या दारात जाऊन बसली आणि तिनं ओट्यावर जाळं टाकायची परवानगी मागितली. भागीबाईनं आत नजर टाकली. घरातली बोचकी बांधून ठेवलेली होती. सगळे निफाडला गेल्यावर माझ्या माणसांना जेवायला कोण घालणार, असं ती म्हणाली, आणि उठून तांदूळ धुवायला घेतले.

शनिवारी उजाडताच आत्यानं मुलांना घेऊन मोठं जाळं ओट्याला लागून तळाशी सपाट पसरलं. चार कोपऱ्यांना चार दोर. एक आत्याकडे, एक चंदर आणि लताकडे, एक पुतळाकडे. चौथ्याला माणूस मिळेना. मंगळू आणि सगळं गाव वर टेकाडावर उभं, खाली यायला कुणी तयार नाही. चौथा दोर आत्यानं खडकाला बांधला.

दुपार झाली. ताट वाजलं. हाका झाल्या. पाणी आरशासारखं थिजलेलं. कुणीच येईना. भागीबाईनं पुन्हा हाक मारली, आणि तिचा आवाज देवळाच्या टोकावरून परत आला, थोडा निराळाच होऊन, कुणी ओ दिल्यासारखा.

पाणी फुगलं.

“ओढा!” आत्या ओरडली.

तीन कोपरे वर आले. पाणी खवळलं, सोनेरी पाठी एकमेकींवर आपटू लागल्या. चौथी कड खालीच होती आणि तिकडून मासे निसटायला लागले. पुतळाचे तळहात सोलले, पण तिनं दोर सोडला नाही.

भागीबाई ओट्यावरून हलली नाही. तिनं फक्त मान वर केली.

“मंगळ्या, तुझ्या बापाच्या ओट्यावर उभी हाय मी. तुझी पोर एकली वढतीया. ये खाली.”

मंगळू दोन क्षण तसाच उभा राहिला. मग तो उतारावरून असा धावत आला की त्याचं पागोटं टेकाडावरच राहिलं. त्यानं खडकावरचा चौथा दोर सोडून खेचला.

जाळ्यात इतके मासे होते की तलावाचं पाणी वीतभर खाली गेलं म्हणतात. मोजलं कुणी नाही.

सावळीराम गर्दीतून पुढं आला आणि म्हणाला, हे आपल्या तळ्यातले नव्हेत. नदीतून आले असतील. लतानं त्याच्याकडे पाहिलं. सुट्टीभर ती त्याच्याच कोंबड्यांशी खेळली होती.

“काका, तुमच्या खुराड्याला इतकी बारीक जाळी कशाला? कोंबड्या पोहून पळतात का?”

लोक असे हसले की खुराड्यातल्या कोंबड्यासुद्धा ओरडायला लागल्या. तळ्याचं जास्तीचं पाणी वाहून जायच्या सांडीवरची जाळी सावळीरामनं काढून खुराड्याला लावली होती, आणि पहिल्याच पावसाळ्यात सायप्रिनसची पिल्लं वाहत तलावात उतरली होती. भुतांच्या गोष्टी सांगत होता तो म्हणूनच. संध्याकाळच्या आत जाळी तळ्यावर परत बसली. कोंबड्या त्या रात्री त्याच्या खाटेखाली झोपल्या.

मंगळूनं बोचकी सोडली. रोज दुपारी ताट वाजत राहिलं आणि घोटीच्या बाजारात मासे जात राहिले. हळूहळू मिटक्या विरळ झाल्या, मग थांबल्या. पाणी निवळलं, आणि एके सकाळी आत्याला पाणगवतात मरळाची पिल्लं दिसली, आईच्या सावलीखाली घोळक्यानं फिरणारी. तिनं तिघांना जवळ घेतलं. म्हणाली, मी महिनाभर पाण्यात बघत होते, तुम्ही माणसांकडे बघितलंत. मंगळूनं दुरुस्त केलेल्या होडीत पहिलं पुतळाला बसवलं, तिच्या सातवीच्या पुस्तकांसकट.

सुट्टीच्या शेवटच्या दिवशी भागीबाईनं पुन्हा भात वाढला. आता पाण्याखाली ओटा स्वच्छ दिसत होता, त्यावरचं जातंसुद्धा. एकही तोंड वर आलं नाही. भात ओट्यावर पांढरा पडून राहिला. म्हातारी घरी गेली, आणि ताट काठच्या दगडावर तसंच विसरली.

सकाळी निरोप घ्यायला सगळे काठावर आले, तर भात नव्हता. छोट्या माशांनी खाल्ला, आत्या म्हणाली. मग तिनं ताट उचललं आणि उजेडात धरलं.

ताट घासलेलं होतं. लख्ख. कडेला चिमूटभर ओली राख चिकटलेली.

आत्यानं मुलांकडे पाहिलं. तिघांनी गळ्याला हात लावून शपथ घेतली. भागीबाईनं ताट हातात घेतलं, उलटंपालटं करून पाहिलं आणि पदराखाली ठेवलं.

“नवसाच असंल,” ती म्हणाली. “तिला खरकटं ठेवलेलं कधी खपलं नाय.”