एक पायरी कमी

न वाचलेल्या नोंदी: ५

मी बीडला एका क्लासमध्ये इतिहास शिकवतो आणि जिल्ह्यातल्या जुन्या बारवांवर, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरींवर, वेबसाइट चालवतो. आष्टीचा रविराजही चालवतो. त्याची साइट मीच उभी करून दिली. शाल-श्रीफळ मात्र त्याला मिळालं.

त्याची साइट मी उघडत नाही. उघडली की तिथला वाचकांचा आकडा एकाने वाढतो. म्हणून ती फीड रीडरमध्ये टाकली आहे. आवडत्या साइटवर नवं काही आलं की मजकूर आपोआप फोनमध्ये येऊन पडतो. आपण वाचलं, हे तिकडे कळत नाही.

"एवढी जळजळ हाय तर वाचता कावून?" भाकरी थापता थापता माझी बायको शिवकन्या म्हणाली.

"चुका काढायला."

"मग, सापडल्या का?"

नव्हत्या सापडल्या.

न वाचलेल्या नोंदी: १

बुधवारी दोन तासांच्या मध्ये रविराजची नोंद आली. चकलांब्याजवळच्या शेतातली बारव, कुठल्याच यादीत नसलेली. नोंद पुन्हा वाचली. मग दिसलं, फोटो नाही, पायऱ्यांचा आकडा नाही. म्हणजे मोजमाप अजून बाकी होतं.

गुरुवारी रजा टाकून टेप घेऊन गेलो.

शेत सुभद्राबाईंचं. तूर कमरेएवढी. तळाशी काळं पाणी, शेवाळाचा वास. प्रत्येक बारवेत पारवे असतात. इथे एकही नव्हता.

"मोजू नका," सुभद्राबाई काठावरून म्हणाल्या. "आमच्यात पायऱ्या मोजत न्हाईत. उतरायचं, पाणी घ्यायचं, वर यायचं."

"मोजल्या तर काय होतं, मावशी?"

"मला काय ठावं? आमी कुटं मोजल्यात!"

एकेचाळीस. संध्याकाळी माझ्या साइटवर टाकलं. आकडा पहिला माझा.

न वाचलेल्या नोंदी: १

शुक्रवारी सकाळी. रविराजची.

"काल एक जण आला होता. निळी पिशवी, हातात टेप. पायऱ्या मोजल्या. एक कमी मोजली."

पिशवी निळीच होती. मी फोन लावला.

"लपून बघतोस काय बे? समोर यायचं ना!"

"कुटं?"

"चकलांब्याला. काल."

पलीकडे टीव्ही बंद झाला.

"तिथं मी श्रावणात गेलतो," रविराज म्हणाला. "पायऱ्या मोजता मोजता घसरलो. पाय अजून प्लास्टरात हाय. तवापासून एक ओळ लिहिली न्हाई मी. तू परत जाऊ नको बे."

खोटं बोलतो, असं वाटलं. फीड लावल्यापासून पहिल्यांदाच त्याची साइट उघडली. आकडा एकाने वाढला. शेवटची नोंद श्रावणातली, धारूरच्या बारवेची. त्यानंतर काही नाही.

फीडमध्ये मात्र ती ओळ होती. तिच्याखाली आता आणखी एक आली होती.

"आज परत येईल. त्याला पहिलं यायचंय."

न वाचलेल्या नोंदी: ०

भर दुपारी पोचलो. सुभद्राबाई शेतात नव्हत्या.

मोठ्याने मोजत उतरलो.

एकेचाळिसावी पायरी पाण्याच्या काठाशी. तिथून पाय पुढे टाकला. पाण्याखाली दगड लागला.

बेचाळीस.

पाणी गार नव्हतं. अंगाइतकं ऊबदार होतं.

एकच पाय आत होता. दुसरा मी उचलला नव्हता.

"त्रेचाळीस," माझाच आवाज म्हणाला. खालून.

मी वर आलो. येताना मोजलं नाही.

न वाचलेल्या नोंदी: १

बीडच्या स्टँडवर उतरलो तेव्हा रविराजचा मेसेज आलेला.

"आत्ताची नोंद लई भारी लिहिली बे. मला जन्मात जमलं नसतं."

पंधरा वर्षांच्या ओळखीत त्याने हे कधी म्हटलं नव्हतं.

फीड उघडलं. नोंद माझ्या साइटची होती. मी न लिहिलेली. माझी साइट उघडली, तिथेही तीच. वाचक सहाशे बारा. एवढे मला वर्षभरात मिळत नाहीत.

फोटो पाण्यातून वर बघत घेतलेला. एकेचाळिसाव्या पायरीवर मी वाकलेला, तोंड उघडं. खाली एकच ओळ: "पायऱ्या त्रेचाळीस. आता नीट मोजल्या."

नोंद काढून टाकायचं बटण तिथेच होतं.

मी रविराजला उत्तर लिहिलं: "धन्यवाद."

पाठवलं आणि रिक्षाकडे निघालो. दीड तास एसटीत उन्हाच्या खिडकीशी बसलो होतो. पँट गुडघ्यापर्यंत अजून ओली होती, आणि अजून ऊबदार. दोन्ही पायांची.