डावं मागचं चाक

चेअरमन सुंदरराव गाडीतून उतरायचे तेव्हा आधी पोट उतरायचं, मग सुंदरराव. सहकारी साखर कारखाना दोन हंगाम बंद, शिवारात उसाचं टिपरू नाही, पण चेअरमनची गाडी मात्र कोरी करकरीत. सोळा सालचा उन्हाळा होता. वडवणीत हंडाभर पाण्यासाठी बायका एकमेकींच्या झिंज्या धरत होत्या आणि हा माणूस माझ्या गॅरेजात बाटलीतलं पाणी ओतून हात धूत होता. मला त्याची किळस यायची. त्याच्यामागं मान खाली घालून उभ्या असलेल्या निवृत्ती ड्रायव्हरचीही यायची.

"ब्रेक दाबला की पायाखाली कटकट होतीय अन् दिवा पेटतोय," चेअरमन म्हणाला. "ह्या निवृत्त्यानं तार कापलीय. ह्याची सासरवाडी डोंगरावरच्या वस्तीत. तिथं टँकर गेला न्हाई म्हणून डूख धरलाय. तू फकस्त तार कापली म्हण मिस्त्री, आजच ह्याला आत टाकतो."

निवृत्तीनं माझ्याकडं पाहिलं. त्याचा तुरुंग माझ्या जिभेच्या टोकावर होता, आणि ते त्याला कळत होतं.

मी स्कॅनर लावला. डाव्या मागच्या चाकाचा सेन्सर गप्प होता. चाक किती वेगानं फिरतंय हे तो अंगठ्याएवढा तुकडा गाडीला सांगतो. तो गप्प बसला की गाडीला वाटतं, चाक थांबलंय. तार मात्र शाबूत होती, कापल्याची खूण कुठंच नव्हती. मी तसं तोंडावर सांगितलं.

"मग दोष काढून दाखव," चेअरमन म्हणाला. "न्हाईतर तू बी त्यातलाच." आणि पंख्याखाली खुर्ची ओढून घोरायला लागला.

सेन्सर काढला तर तो ओला. आजूबाजूला कोरडी धूळ, आणि हा तेवढा माठातून काढल्यासारखा गार. पुसून उजवीकडं बसवला, उजवीकडचा डावीकडं. सेन्सर खराब असेल तर दोष त्याच्याबरोबर जातो, शेंबडं पोरही सांगेल. गेला नाही. नवी तार ओढली, बेअरिंग बदललं, चाक जॅकवर उचलून हातानं फिरवलं. चाक गरागरा फिरत होतं आणि स्कॅनरच्या पडद्यावर शून्य.

"राधाकिशनभाऊ," निवृत्ती हळूच म्हणाला, "गाडीचं तोंड वस्तीकडं करून बगा."

"कावून? गाडीला बी सासरवाडीची ओढ लागली काय बे?"

तो हसला नाही. "मागल्या महिन्यात साहेब वस्तीवर गेलते. आत्ता जातो, टँकर घिऊनच येतो म्हणले. वस्तीवरच्या सरूबाई म्हातारीनं घागरीतलं शेवटचं पाणी ह्या चाकावर घातलं. शब्द दिऊन निघाल्याल्या गाडीच्या चाकावर आमच्यात पाणी घालतेत. घालून घेतलं की माघारी यावंच लागतंय. साहेबांनी काच बी खाली केली न्हाई. टँकर गेला त्यांच्या डाळिंबाला."

असल्या भाकडकथा ऐकल्या की माझं डोकं उठतं. म्हातारीनं तेच पाणी प्यायला हवं होतं. तरीही निवृत्तीचं तोंड बंद करायला म्हणून मी गाडी फिरवून वस्तीकडं तोंड करून लावली, जॅक चढवला, चाकाला हात मारला.

आकडा आला. हात जोरात मारला की वाढायचा, सोडला की उतरायचा.

मी गाडी परत पहिल्यासारखी बीडकडं वळवली. शून्य. पुन्हा वस्तीकडं. आकडा. मला राग आला, माझ्याच स्कॅनरचा.

चेअरमन जागा झाला. "तार कुणी कापलेली नाही," मी म्हणालो. "दोष मला सापडत नाही. टँकर पाठवून बघा." हे शेवटचं त्याला टोचावं म्हणूनच बोललो.

तो पोट हलेपर्यंत हसला. "तुज्या मशीनला बी तहान लागली काय? निवृत्त्या, आण चावी. मीच जातो बीडला, तुज्यावर केस करूनच येतो."

गाडी गेली. धूळ खाली बसली.

रस्त्यावर चाकांच्या खुणा बीडकडं गेल्या होत्या. गाडी जिथं उभी होती तिथून अजून एक खूण उलट्या दिशेला, डोंगराकडं निघाली होती. एकाच चाकाची. ओली.

त्या उन्हात ती वाळत नव्हती.

मी मोटारसायकल काढली, निवृत्ती मागं बसला. कुणाच्या तरी गाड्यावरचा हंडा गळत असेल, असं मी त्याला सांगत राहिलो. पण त्या टायरची नक्षी दिवसभर माझ्या हातांखालून फिरली होती.

खूण चढ चढली, वस्तीत शिरली आणि एका दारासमोर संपली. दारात म्हातारी बसली होती. मी कोण, हे तिनं विचारलं नाही.

"चाक आलं," सरूबाई निवृत्तीला म्हणाली. "ऱ्हायलेलं बी येईल."

माझा फोन वाजला. चेअरमन होता. त्याचा आवाज मी ओळखलाच नाही.

"मिस्त्री, गाडी वळली. मी वळवली न्हाई. ब्रेक लागंना. निवृत्तीनं कायबी केलं न्हाई, मी लिहून देतो. म्हातारीला सांग, टँकर धाडतो म्हणावं. आत्ता धाडतो."

मी सांगितलं.

"आदुगर बी असंच म्हणलाता," सरूबाई म्हणाली.

खाली वळणावर धूळ उठली. म्हातारी आत जाऊन घोंगडी घेऊन आली आणि दारापुढच्या सावलीत टाकली. पाहुण्याला बसायला घोंगडी घडी घालून टाकतात. तिनं ती पुरी उलगडली, मेलेला माणूस निजवायला टाकतात तशी.