आबा कांबळेंची घंटा

शाळेचे अध्यक्ष धैर्यशील पाटील यांना पाहताच निशिगंधेनं ओळखलं, हा माणूस आधी हार घालून घेतो आणि मग विचारतो, कार्यक्रम कशाचा आहे.

गारगोटी रस्त्यावरच्या त्या गावातली ही पहिली सार्वजनिक शाळा. आज तिची शताब्दी, आणि सकाळीच पितळी घंटा गायब. घंटेवर कोरलं होतं: 'ही शाळा आबा कांबळे यांनी काढली.' चोरीचा आळ आला शाळेच्या शिपायावर, आबांचा पणतू धम्मपाल याच्यावर. त्यानंच राजारामपुरीतून खासगी गुप्तहेर निशिगंधेला बोलावून घेतलं होतं.

"नोकरी जाईल माझी, मॅडम. पणज्याच्या नावाची घंटा मी कशाला चोरू?"

"मोडीत घालायला!" धैर्यशील गरजला. "घंटेच्या खोलीची किल्ली ह्याच्याकडंच की."

"दुसरी किल्ली?"

"माझ्याकडं. पण मी काल दुपारीच इचलकरंजीला गेलतो, सासरवाडीला. आत्ता गाडीतनं उतरून सरळ हितं आलोय."

त्याच्या कपाळावर तांबडं बोट ओढलेलं होतं. निशिगंधेचा सोबती कृष्णात भारावला. "देवभोळा माणूस हाय, मॅडम. कुंकू लावून आलाय."

"तुझे डोळे फुकट आहेत, कृष्णात."

मुख्याध्यापिका अनुजाबाई निशिगंधेला बाजूला घेऊन दबक्या आवाजात बोलल्या. "स्मरणिकेत संस्थापक म्हणून साहेबांचे आजोबा छापलेत. मी म्हटलं, घंटेवर वेगळं नाव आहे. तर म्हणाले, घंटा कोण वाचतंय?"

"आणि शेजारच्या तालमीला कुलूप का?"

"काल संध्याकाळी मजुरांनी कुस्तीच्या हौद्यात नवी तांबडी माती टाकली, हळद, ताक, तेल घालून. उद्या पूजा होईपर्यंत कुणी उतरायचं नाही. किल्ली साहेबांच्या घरी दिलीय."

निशिगंधा धैर्यशीलकडं परत आली. "पैलवान होतात वाटतं?"

"पोरवयापासनं मातीत लोळलोय!" धैर्यशीलची छाती फुगली.

"मग तालीम दाखवा."

छाती बसली. पण सगळं गाव बघत होतं. घरून किल्ली मागवून कुलूप काढावंच लागलं.

"कृष्णात, ते कुंकू नव्हे. हळदीचा वास येतोय, तेलकट आहे. ही हौद्यातली माती. पैलवान आत उतरताना माती कपाळाला लावतो. हात आपोआप जातो, मग तो लढायला उतरो की चोरीचा माल पुरायला. धैर्यशीलराव, काल दुपारी गाव सोडलंत, तर संध्याकाळी पडलेली माती तुमच्या कपाळावर आली कशी? चोर तो चोर, वर शिरजोर! आजोबांना फुकटचं मोठेपण हवं, म्हणून गरिबाच्या पोटावर पाय देता? शिसारी येते तुमची. कृष्णात, खोरं घे."

चारच खोऱ्यांत पितळ चमकलं. धम्मपालनं घंटा उचलली आणि सदऱ्याच्या बाहीनं आबांच्या नावावरची माती पुसली.

धैर्यशील कसनुसा हसला. "धम्मा, मिटवू की. स्मरणिकेत तुझ्या पणज्याचं बी नाव घालतो. माझ्या आज्याच्या शेजारी."

"शेजारी नको, साहेब," धम्मपाल म्हणाला. "माझ्या पणज्याला तुमचा आजा चालायचा न्हाय."