खोडायचं बटण नसलेला कीबोर्ड

ही घटना खरी आहे.

'कशावरून?' असं विचारणाऱ्यांनी खुशाल दुसरी गोष्ट वाचायला घ्यावी. मी काही पुरावे घेऊन बसलेले नाही. पण त्या दुपारी फोनच्या दुसऱ्या टोकाला मीच होते, आणि जे ऐकलं ते माझ्या या दोन कानांनी ऐकलं.

हो, दुपारीच. लख्ख उन्हात. भूतं फक्त रात्री येतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी माझ्या मावशीच्या नवऱ्याला पाहिलेलं नाही.

मावशी नवऱ्यामागे एकटीच राहते. तिसरा मजला, दोन खोल्या, खिडकीपाशी टेबल. घटना घडली ती त्या टेबलावर.

काका मोठे अनुवादक. सगळे त्यांना 'सर' म्हणायचे. कपाटभर पुस्तकांवर त्यांचं नाव. सुरुवातीला ते सांगायचे आणि मावशी टाइप करायची. मग काकांची नजर अधू झाली, आणि हळूहळू भाषांतर मावशीच करू लागली. अख्खं. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. काका फक्त मागे उभे राहायचे, तिच्या खुर्चीच्या पाठीवर हात टेकून.

नाव मात्र त्यांचंच छापलं जायचं. मावशीने कधी हूं की चूं केलं नाही.

आता गंमत बघा. डोळ्यांनी दिसत नव्हतं, पण काकांचे कान तिखट होते. तो जुना कीबोर्ड टकटक वाजायचा आणि काका त्या आवाजावरून ओळखायचे. मावशी अडखळत चालली असेल तर गप्प. पण तिला एखादं वाक्य सुचलं, बोटं सरसर धावायला लागली, की मागून आवाज यायचा.

"हे माझं वाक्य नाही. खोड."

आणि बटण दाबून धरायचं नाही. एकेक अक्षर खोडायचं. म्हणजे म्हणे चूक लक्षात राहते.

टक्... टक्... टक्...

तिने हळू खोडलं तर ते कीबोर्डच बाजूला सरकवायचे. वर्षानुवर्षं चाललं हे. ऐकूनसुद्धा माझं डोकं फिरतं.

काका गेले. दिवस सरले. मग एक दिवस मावशीने जुना कीबोर्ड भंगारवाल्याला देऊन टाकला आणि ती तडक कीबोर्डवालीकडे गेली.

ही कीबोर्डवाली म्हणजे एका बोळात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवणारी तरुण बाई. हौस म्हणून लोकांना हवे तसे कीबोर्ड बनवून द्यायची. कुणाला कसल्या स्प्रिंगा, कुणाला कसले रंग.

"कसा हवाय?" तिने विचारलं.

"जड," मावशी म्हणाली. "कुणी ढकलला तरी हलता कामा नये."

"धातूचा करू मग. बटणांवर अक्षरं कशी हवीत? ठळक?"

"अक्षरं नकोतच. कोरी बटणं."

"अहो, मग कळणार कसं?"

"मला कळतं. दुसऱ्या कुणाला कळायला नकोय."

कीबोर्डवाली हसली. "आवाज?"

"अजिबात नको. मागे कुणी उभं राहिलं तरी ऐकू जाता कामा नये."

"मागे कोण उभं राहतं तुमच्या?"

मावशीने समोरच्या एका कीबोर्डच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "आणि खोडायचं बटण नको."

"काय?"

"ते वरचं, उजव्या कोपऱ्यातलं. ती जागा बुजवून टाका. अखंड धातू."

"मावशी, असं कुणी करत नाही हो. चुकलात तर?"

"चुकले तर माउसने शब्द निवडीन आणि त्यावर नवा लिहीन. मागे मागे जाणार नाही. बास झालं मागे जाणं."

कीबोर्डवालीने वाद घातला नाही. कीबोर्ड बनला तेव्हा तिने सोबत एक छोटी डबी आणि चिमटा दिला. प्रत्येक बटणाखाली एक स्विच असतो, तो चिमट्याने उपसून दुसरा बसवता येतो. डबीत वेगळे स्विच होते. मोठ्ठा आवाज करणारे.

"असू द्या," ती म्हणाली. "कधी मन बदललं तर."

"कशाला बदलतंय?" म्हणत मावशीने डबी खणात टाकली.

कीबोर्ड कसा झाला होता म्हणून सांगू! उचलायला दोन हात लागायचे. बोट टेकवलं की बटण लोण्यात गेल्यासारखं खाली जायचं, आणि आवाज म्हणाल तर नाही. मावशी त्यावर नव्या कादंबरीचं भाषांतर करायला बसली. नवरा गेल्यावरचं तिचं पहिलंच काम.

आणि या वेळी तिने प्रकाशकबाईंना ठणकावून सांगितलं होतं. नाव माझं येणार.

प्रकाशकबाई नाखूश होत्या. "सरांच्या नावाला वजन आहे हो. त्यांचं राहिलेलं काम म्हणून छापू की. तुमचं मानधन तुम्हाला."

"मानधनाचं बोलतच नाहीये मी. माझं नाव."

"बरं बाई. फाइलच्या पहिल्या पानावर जे नाव असेल ते छापू."

काम सुरळीत चाललं. फक्त अधूनमधून, एखादं वाक्य मनासारखं उतरलं, की खुर्चीची पाठ किंचित मागे झुकायची...

जसा कुणी हात टेकवलाय.

मावशी वळून बघायची. कुणी नसायचं. खुर्ची जुनी झालीय, असं म्हणून ती पुढे लिहायची.

शेवटी ती दुपार आली. भाषांतर संपलं. मावशीने पहिल्या पानावर कादंबरीचं नाव लिहिलं. खाली लिहिलं, 'भाषांतर'. त्याच्या पुढे स्वतःचं नाव. डोळे भरून पाहिलं, फाइल पाठवली आणि चहा टाकायला उठली.

चहा उकळायच्या आत फोन वाजला. प्रकाशकबाई.

"अहो, नाव कुठाय?"

"म्हणजे? लिहिलंय की."

"'भाषांतर' लिहिलंय. पुढे कोरं आहे. विचार बदललात का? चांगलं झालं, सरांचंच टाकते."

"थांबा!" मावशी किंचाळलीच.

"थांबायला वेळ नाही हो. संध्याकाळी छपाईला जातंय. तोवर नवी फाइल आली तर ठीक, नाहीतर सरांचं नाव."

मावशी टेबलाशी धावली. पडद्यावर बघते तो काय... नाव नाही.

तिने पुन्हा टाइप केलं. नाव उमटलं. मावशी श्वास रोखून बघत राहिली.

खोलीत चिडीचूप शांतता. कीबोर्ड मुका. खालचा रस्तासुद्धा गप्प.

आणि तेवढ्यात...

टक्.

शेवटचं अक्षर गेलं.

टक्.

त्याच्या आधीचं गेलं.

आवाज कीबोर्डच्या उजव्या कोपऱ्यातून येत होता. जिथे बटणच नव्हतं. जिथे नुसता गुळगुळीत धातू होता.

टक्... टक्... टक्...

आवाज जुन्या कीबोर्डचा. भंगारात गेलेल्या.

आणि खुर्चीची पाठ हळूहळू मागे झुकली...

मावशीने मला फोन लावला. तिचा आवाज इतका बारीक झाला होता की आधी मला वाटलं, कुणी लहान मूल बोलतंय.

"ते आलेत गं."

"कोण आलेत?"

"ऐक."

तिने फोन टेबलावर ठेवला आणि नाव टाइप केलं. मला काहीच ऐकू आलं नाही. मग ऐकू आलं.

टक्... टक्... टक्...

मी ताडकन उठून उभी राहिले. तो आवाज मी लहानपणापासून ओळखते. सुट्टीत त्यांच्याकडे राहायला गेले की बाहेरच्या खोलीतून दिवसभर तेवढंच ऐकू यायचं.

"मावशी, ऊठ तिथून! बाहेर ये! नाव काय, फोनवरून पाठवता येईल. मी पाठवते. तू आधी ऊठ!"

पलीकडे टकटक चालूच. मग मावशी बोलली, आणि या वेळी आवाज तिचा होता.

"मी का उठू?"

"अगं..."

"टेबल माझं. कीबोर्ड माझा. काम माझं. आणि उठायचं मी? जिवंत मी आहे."

मी फोन तसाच चालू ठेवून, जिवाचा कान करून ऐकत राहिले. पुढचं काही मी ऐकलं, काही मावशीने नंतर सांगितलं.

तिने नाव लिहिलं. ते खोडलं गेलं. पुन्हा लिहिलं. पुन्हा खोडलं. ऊन टेबलावरून भिंतीवर चढलं तरी हेच चाललं होतं. तिची बोटं सुजली. तिकडे कोपरा मात्र दमेना. नाव संपल्यावरही तो थांबला नाही. 'भाषांतर' हा शब्द गेला. मग कादंबरीचं नाव जायला लागलं.

टक्... टक्... टक्...

पान कोरं झालं.

"खा," मावशी म्हणाली. "सगळं पाठ आहे मला."

आणि मग तिच्या डोक्यात लख्खकन काहीतरी आलं. इतके दिवस ती काय करत होती? आवाज होऊ नये म्हणून धडपडत होती. मेलेल्या माणसाला ऐकू जाऊ नये म्हणून स्वतःच्या घरात चोरून लिहीत होती!

तिने खण उघडला. डबी काढली. चिमटा काढला.

कोरी बटणं. पण तिला कुठलं काय ते झोपेतही ठाऊक. तिने फक्त तिच्या नावातल्या अक्षरांची बटणं उचलली, खालचे मुके स्विच उपसले आणि त्या जागी मोठ्या आवाजाचे बसवले. घाईत एक स्विच वाकडा बसला, तो पुन्हा काढून बसवला. खुर्चीची पाठ इतकी मागे गेली की पुढचे पाय जमिनीवरून उचलले गेले, आणि मानेमागे अगदी कानाशी कुणीतरी श्वास ओढला...

मावशीने दोन्ही पाय जमिनीवर घट्ट रोवले आणि खुर्ची धाडकन खाली आणली.

फोनमधून मला तिचं बोलणं शब्द न् शब्द ऐकू आलं. आयुष्यभर 'अहो' म्हणणारी माझी मावशी त्या दिवशी पहिल्यांदा अरेतुरेवर आली.

"ऐक. नीट कान देऊन ऐक. 'हे माझं वाक्य नाही' म्हणायचास ना? बरोबर म्हणायचास. तुझं नव्हतंच ते. माझं होतं. ती सगळी पुस्तकं माझी होती. आणि हे माझं नाव."

खट्! खट्! खट्!

काय आवाज होता तो! हातोडीने खिळा ठोकावा तसा. एकेक अक्षर मला फोनवर मोजता आलं असतं. आणि प्रत्येक खट् बरोबर मावशी ते अक्षर मोठ्याने म्हणत होती.

नाव पूर्ण झालं.

आम्ही दोघी वाट बघत राहिलो. ती तिकडे, मी इकडे.

काही नाही...

काहीच नाही...

खुर्चीची पाठ सरळ झाली. जसा कुणी हात काढून घेतला.

मावशीने बाकीचं पान भरलं, फाइल पाठवली आणि मला म्हणाली, "चहाचं आधण पार आटून गेलं बघ." आणि मग ती रडली. खूप रडली.

पुस्तक छापून आलं तेव्हा मी तिथेच होते. मुखपृष्ठावर तिचं नाव. इथे सांगत नाही, ज्यांना हवं त्यांनी पुस्तक शोधावं. मावशीने पहिली प्रत कीबोर्डच्या उजव्या कोपऱ्याला टेकवून उभी केली. आम्ही बघत होतो, आणि...

टक्.

मी उडालेच. मावशी मात्र जागची हलली नाही. तिने पुस्तकावरून तळवा फिरवला.

"खोड की," ती म्हणाली. "आता छापलंय."

तो कीबोर्ड अजून तिच्या टेबलावर आहे. बाकी सगळा मुका, फक्त तिच्या नावातली अक्षरं खणखणीत वाजतात. ती काहीही लिहो, ओळीओळीतून तिचं नाव ऐकू येतं. ती म्हणते, असाच हवा होता मला, मागताना कळलं नव्हतं. उजव्या कोपऱ्यातला धातू मात्र एका ठिकाणी खोलगट झिजलाय. अंगठ्याएवढा. मावशीचा हात तिथे कधी जात नाही, मी मुद्दाम पाहिलंय.

का झिजलाय, मला माहीत नाही. माहीत करून घ्यायचंही नाही.

ही हकीकत मी त्याच टेबलावर बसून, कोरी बटणं चाचपत लिहितेय. मावशी म्हणाली, इथेच बस, घाबरतेस काय. घाबरत नाही, पण खोटं कशाला बोलू, पाठ दाराकडे करून बसवत नाही मला. 'नाव मात्र त्यांचंच छापलं जायचं' हे वाक्य मी वर लिहिलंय ना... ते पहिल्यांदा लिहिलं तेव्हा टिकलं नाही. मी हात आवरून बसून राहिले.

"का गं, थांबलीस?" मावशीने आतून विचारलं.

"वाक्य गेलं, मावशी."

भांडी ठेवल्याचा आवाज आला. मग तिचा.

"मग पुन्हा लिही."