अजिंक्य — समुद्रात

पटलं तर घ्या, नाही तर सोडा. पण यातला एकही शब्द मी पदरचा घातलेला नाही.

१४ नोव्हेंबर २००५. सोमवार. रत्नागिरीजवळचं आमचं छोटं बंदर. रात्र नव्हती, दुपारचे तीन वाजले होते. बाहेर कडक ऊन होतं.

मी बेचाळिसाव्या वर्षी पुस्तक वाचून वेबसाइट करायला शिकले. शिकवणारं कोणी नव्हतं, हसणारे पुष्कळ. पहिलं काम मिळालं ते आमच्या मच्छीमार सोसायटीचं. एकच साधं पान. बंदराचा फोटो, फोन नंबर. कधी न बदलणारं.

त्यात जिवंत काय ते एवढंच, की कोण दर्यावर गेलंय ते दिसायचं. पान उघडलं की सर्व्हरवरची माझी स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्राम, त्या क्षणी यादी वाचायची आणि पानाच्या मधोमध नावं आणून ठेवायची. मुंबईतली पोरं तिथून बघायची, बाप परतला की नाही.

स्क्रिप्टला दोनच शब्द यायचे. ‘समुद्रात’ आणि ‘आला’.

सोसायटीचे दाजी यादी सांभाळायचे. त्यांचा नियम जुना, वहीच्या काळातला. परत आलेल्याने स्वतः येऊन सांगायचं. दुसऱ्याने कोणी नाव खोडायचं नाही.

माझ्या धाकट्या बहिणीचा, नेत्राचा नवरा अजिंक्य. वर्षापूर्वी होडी उलटली. तिघे पोहत आले.

अजिंक्य नाही आला.

सांगायला तो आला नाही, म्हणून नाव तसंच राहिलं. नेत्रा रोज दुपारी माझ्याकडे यायची. पान उघडायला लावायची.

‘अजिंक्य — समुद्रात.’

मग घरी जाऊन त्याचं ताट वाढायची. सत्तावीस वर्षांची पोर, वाळत चालली होती.

त्या सोमवारी तिला ताप होता, ती आली नाही. मी दाजींना न विचारता यादीतून नाव काढलं.

पान पुन्हा उघडलं...

‘अजिंक्य — समुद्रात.’

जुनंच पान दिसत असेल, असं वाटलं. मी स्क्रिप्टच पुसून टाकली. आता तिथे चूक झाल्याचा संदेश यायला हवा होता.

‘अजिंक्य — बंदरावर.’

हा शब्द मी लिहिलेला नव्हता.

स्क्रिप्टला बोलावणारी ओळ मी पानातूनच काढली. आता तिथे काही येणं शक्य नव्हतं. पुन्हा उघडलं...

‘अजिंक्य — दारात.’

माझ्या दाराकडे बघितलं. कोणी नव्हतं.

तेवढ्यात फोन वाजला.

तेव्हा नेट फोनच्याच तारेवर चालायचं. नेट चालू असताना आमचा फोन वाजायचा नाही. कधीच नाही.

उचलला. नेत्रा होती. आवाज अगदी शांत.

“ताई, हे आलेत गो. दारात उभे आहेत.”

पडद्यावर अजून ‘दारात’ होतं.

“आत या म्हटलं तर येत नाहीत. म्हणतात, सांगायच्या आधीच नाव कोणी खोडलं?”

तिच्या मागे पाणी ठिबकत होतं... थेंब, थेंब.

फोन उचलूनही नेट तुटलं नव्हतं. मी सगळं परत घातलं. ओळ, स्क्रिप्ट, नाव.

‘अजिंक्य — समुद्रात.’

फोनवरचं ठिबकणं थांबलं. मग ती म्हणाली, “गेले.” आणि रडायला लागली. वर्षभरात पहिल्यांदा.

संध्याकाळी मी तिच्याकडे गेले. उंबऱ्याबाहेरचा चिरा ओला होता. मी तो पुसला नाही. ताप होता, भास झाला, असं दाजी म्हणाले. पानावरच्या शब्दांबद्दल मी त्यांना सांगितलंच नाही.

आता २००८ चाललंय. नाव अजून तिथेच आहे. नेत्रा अधूनमधून म्हणायची, “ताई, ‘आला’ लिहून टाक ना. मग तरी आत येतील.”

मी नाही लिहिलं. आत काय येईल, ते मला ठाऊक नाही.

गेल्या महिन्यापासून तिने ते विचारणं सोडलंय. मला बरं वाटत होतं.

काल भाजी निवडता निवडता, मान वर न करता म्हणाली,

“ताई, मला कॉम्प्युटर शिकवशील?”