कॅमचं तिसरं बुश

सरका जवळ. दाराजवळचे पहिलवान, तुम्हीसुद्धा. मागाहून कुणी पायाला हात लावला तर तो मी नसेन, हे आधीच सांगून ठेवतो. माझ्या थापांना एरवी हसता तसं आज हसू नका. ही गोष्ट माझ्या साडूची आहे. त्याला सगळे पाना म्हणतात. चाळीस वर्षं तोंडात पाना धरून गाड्यांखाली झोपलेला माणूस.

गेल्या डिसेंबरची चौदा तारीख, रविवार. जेवून हात पुसता पुसता पाना बायकोला म्हणाला, "पाच बुशं बसवून येतो. कडी लावू नकोस."

"रात्रभर उघडं राहायला हा काय पेट्रोलपंप आहे?" ती म्हणाली. तरी कडी उघडी ठेवली.

गॅरेजमध्ये गावातल्या एका वकिलांची जुनी गाडी होती, साठ वर्षांची. इंजिन बाहेर काढून स्टँडवर चढवलेलं. आता तुम्हाला इंजिनातलं ओ की ठो कळत नाही, म्हणून सांगतो. कॅमशाफ्ट म्हणजे व्हॉल्वची उघडझाप करणारा दांडा. तो पाच बुशांत, म्हणजे पितळी कड्यांत, फिरतो. प्रत्येक बुशाला एक भोक, वाटाण्याहून लहान. ते इंजिनातल्या तेलाच्या भोकासमोर नेमकं यावं लागतं. सरकलं की तेल बंद, बुश जळतं, इंजिन जाम. आणि बुश एकदा आवळून बसवलं की हातानं फिरत नाही. सगळे पहिलवान लावा, नाही फिरत.

हे पानाला शिकवलं त्याच्या उस्तादांनी, तेव्हाच्या गॅरेजमालकांनी. आणि उस्तादांना खाल्लं याच गाडीनं. तीस वर्षांपूर्वी याच इंजिनाचं तिसरं बुश पानानं बसवलं होतं. उस्तादांनी सवयीप्रमाणे इंजिनाच्या ब्लॉकवर, त्या लोखंडी धडावर, बोटानं दोनदा टकटक केलं. "भोक बघितलंस?"

"बघितलं," पाना म्हणाला. कुठलं बघतोय? त्याला सिनेमाला उशीर होत होता.

आठवड्यात इंजिन जाम झालं. वकील भर रस्त्यात उस्तादांच्या तोंडावर थुंकले. पाना शेजारीच उभा होता, तोंडात मिठाची गुळणी धरून. उस्तादांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. नाव घेतलं नाही. पुढे गॅरेजकडे गिऱ्हाईक फिरकलं नाही, आणि वर्षाच्या आत उस्ताद गेले.

तर त्या रात्री साडेअकरापर्यंत पाचही बुशं बसली. पानानं उस्तादांचाच जुना स्पोक काढला, सायकलचा. एका टोकाला कडी, कडीला लाल दोरा. भोकात घालून बघायचं, आरपार गेला की झालं. पहिल्यात गेला. दुसऱ्यात गेला. तिसऱ्यात गेला. चौथ्यात, पाचव्यात. पाना कॅमशाफ्ट उचलायला वळला.

टक. टक.

"मांजर," पाना मोठ्यानं म्हणाला. मांजराला काय बोटं असतात?

त्यानं पुन्हा स्पोक घातला. तिसऱ्यात अडला.

बॅटरी मारली. भोकाच्या जागी कोरा पितळी पत्रा. बुश फिरलं होतं.

त्यानं ते ठोकून काढलं. जादा आणलेलं एकच बुश होतं, ते बसवलं. नीट. स्पोक आरपार गेला. पानानं डोळे मिटून श्वास सोडला. उघडले. स्पोक घातला.

अडला.

टक. टक. ब्लॉकच्या आतून.

बल्ब गेला. पाना अंधारात स्पोक धरून उभा. स्पोक हलला. तो ओढत नव्हता... पलीकडून कुणीतरी ओढत होतं. इंच. आणखी इंच. हातातून सुटला. कडीसकट आत गेला. वाटाण्याएवढ्या भोकातून... जे बंद होतं.

"उस्ताद, नव्हतं बघितलं," पाना म्हणाला. "तेव्हा नव्हतं बघितलं."

टक. टक. टक. टक.

थांबेना. मान धरावी तसं काहीतरी मानेशी आलं. थंड. तेलाचा वास. पानाला कळलं, हे नुसतं उस्तादांना सांगून भागणार नाही. त्यानं फोन काढला.

"वकीलसाहेब... ते बुश उस्तादांनी नाही, मी बसवलं होतं. भोक न बघता."

टकटक थांबली होती. मानेवरचं निघून गेलं होतं.

"हे आत्ता सांगतोस?" वकील म्हणाले. "मी त्या माणसाच्या तोंडावर..." मग म्हणाले, "थांब. दारावर कोणीतरी आहे."

पानाला फोनमधून ऐकू आलं. टक. टक.

"नको, उघडू नका—"

कडी वाजली.

"कोणी नाही," वकील म्हणाले. "उंबऱ्यावर स्पोक पडलाय. लाल दोऱ्याचा."

गॅरेजपासून वकिलांचं घर अकरा मैल.

टक. टक.

या वेळी वकिलांच्या मागे. घराच्या आत.

फोन बंद झाला. बल्ब आपोआप लागला. तिसऱ्या बुशाचं भोक उघडं होतं. समोरासमोर. बिनचूक.

गाडी आज घड्याळासारखी चालते. वकील न्यायला येत नाहीत. आहेत ना जिवंत, पण घराबाहेर पडत नाहीत. तो स्पोक त्यांनी तीनदा नोकराकरवी नदीत फेकला.

सकाळी उंबऱ्यावर असतो. त्यावरचं तेल ताजं असतं.